आपले ऋतू किती? तीन, चार का सहा?



माझ्या विहिरीजवळ सफरचंदाची चार झाडं आहेत. हसू नका. रोपं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "काका, ही जात उष्ण भागातली आहे, हिला बर्फ लागत नाही." झाडं जगली. पानं हिरवीगार येतात. दरवर्षी थोडी फुलं दिसतात, गेल्या साली लिंबाएवढी तीन फळं धरली, ती पोपटांनी नेली. परवा आमच्या भागातले तरुण कृषी सहायक बांधावर आले होते. झाडाकडे बघून म्हणाले, "काका, आपल्याकडं चार ऋतू नाहीत ना, म्हणून हे असं."

मी म्हटलं, "साहेब, मग आपल्याकडं किती आहेत?"

ते म्हणाले तीन. मग थांबून म्हणाले, पंचांगात सहा आहेत. मग आणखी थांबून म्हणाले, हवामान खात्याचे मात्र चार आहेत. आम्ही दोघंही हसलो, पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. एकाच वावरावर तीन, चार आणि सहा ऋतू कसे? कुणी मोजले, कशानं मोजले, कधी मोजले? पंधरा दिवस जमेल तेवढं वाचलं, ते लिहितो. लांबलंय, सवडीनं वाचा.

आधी खऱ्या चार ऋतूंचा मुलूख कोणता ते बघू. व्लादिमिर कोपेन नावाचा एक शास्त्रज्ञ होऊन गेला. जन्म १८४६ चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा, काम केलं जर्मनीत. जगाच्या हवामानाचे पट्टे पाडले त्यानं, आणि अजून कृषी विद्यापीठात पोरं तेच शिकतात. मला त्याच्यातली आवडलेली गोष्ट अशी की तो झाडांवरून हवामानाकडे गेला. कोणत्या मुलखात कोणती झाडं तग धरतात ते आधी बघितलं आणि मग त्या जागी पाऊस-तापमानाचे आकडे बसवले. शेतकऱ्याची रीत हीच.

त्याच्या हिशोबात सर्वांत थंड महिन्याची सरासरी १८ अंशांच्या खाली गेली आणि सर्वांत गरम महिन्याची १० च्या वर राहिली तर तो समशीतोष्ण पट्टा. थंड महिना उणे ३ च्याही खाली गेला तर त्याहून कडक हिवाळ्याचा पट्टा. वसंत, उन्हाळा, पानगळ, हिवाळा हे चार वेगवेगळे ओळखू येतात ते याच मुलखांत, आणि त्यातही जिथं हिवाळ्यात झाडाची वाढ पुरती थांबते तिथं. तिथला काळ थंडी पाडते. पाऊस बाराही महिने थोडा थोडा असतोच. लंडनचा वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या बुलढाण्यापेक्षा कमीच. पण तो बारा महिन्यांत वाटलेला. त्यामुळे "पावसाळा" नावाचा ऋतू त्यांच्याकडे निघतच नाही. आपल्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर, आणि त्यातला पाचातला चार भाग, किंबहुना जास्तच, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

आणि थंडी? आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची सरासरी विशीच्या आसपास. कोपेनच्या १८ च्या रेघेला आपण शिवतसुद्धा नाही. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणून आपण त्याला थंड हवेचं गाव म्हणतो. इंग्रज साहेबांनाही ते मानवलं. पण राजूर घाट उतरून मोताळ्याकडे, मलकापूरकडे लागलं की अंगातला स्वेटर काढावा लागतो. जुन्या कागदांत वऱ्हाडचे दोन भाग लिहिलेले सापडतात, बालाघाट आणि पायनघाट, म्हणजे आपलं घाटावर आणि घाटाखाली. एका जिल्ह्यात दोन हवामानं, आणि दोन्हीत चौथा ऋतू नाही.

झाडाच्या बाजूनं बघितलं तर हे अजून स्पष्ट होतं. सफरचंदाला, नासपतीला हिवाळ्यात झोप लागते. ७ अंशांच्या खाली किती तास गेले ते झाडाचा डोळा मोजतो म्हणा. चांगल्या जुन्या जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात, कमी थंडीच्या जातींना बरेच कमी. तेवढे तास भरले नाहीत तर झाड नीट जागं होत नाही, एक फांदी फुटते, दुसरी तशीच राहते. आपल्याकडं ७ च्या खाली पारा जातो तो वर्षातल्या एखाद-दुसऱ्या पहाटे. माझी चार झाडं बिचारी रात्रभर डोळे उघडे ठेवून बसलेली असतात.

मग आपली झाडं झोपत नाहीत का? झोपतात. पण थंडीनं नाही, तहानेनं. ज्ञानगंगेच्या जंगलात साग बघा. पानं कधी झडतात? युरोपात पानगळ ऑक्टोबरात, थंडीच्या तोंडावर. आपला साग थंडी सगळी अंगावर काढतो आणि फेब्रुवारी-मार्चात पानं टाकतो, उन्हाच्या तोंडावर, जमिनीतली ओल सरली की. तिकडे झाड उघडं पडतं तेव्हा बर्फ असतो, इकडे पळस पेटलेला असतो. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या संत्रावाल्यांना हे सांगायची गरज नाही. आंबिया बहार, मृग बहार, हस्त बहार: बागाईतदारानं बहाराला दिलेली नावंच काळाची आहेत. मृग बहारासाठी आपण काय करतो, तर मे महिन्यात पाणी तोडून झाडाला ताण देतो. म्हणजे निसर्गानं थंडीची झोप दिली नाही तर आपण तहानेची झोप देतो. हे आपल्या आजोबा-पणजोबांनी कोपेनला न विचारता शोधलं.

गव्हाचंही तसंच. युरोपातला हिवाळी गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, तो बर्फाखाली आठवडेच्या आठवडे काढतो, ती थंडी मिळाली तरच नंतर ओंबी टाकतो, आणि जुलै-ऑगस्टात सोंगतात. त्यांचा दुसरा गहू वसंतात पेरायचा, त्याला ही थंडी लागत नाही. आता गंमत बघा, आपण रब्बीत, कडाक्याच्या थंडीत म्हणून जो पेरतो तो सगळा त्यांच्या भाषेत वसंत गहू. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आलं, सोनोरा ६४ आणि लर्मा रोहो, तेही वसंत गहूच. म्हणजे आपला सगळ्यात थंड काळ हा गव्हाच्या हिशोबानं त्यांचा वसंत. आपल्याकडे त्यांचा हिवाळा नाहीच, आपला हिवाळा हाच त्यांचा वसंत आहे, फक्त आपण त्याला शेकोटी करतो.

हे झालं शास्त्र. आता इतिहास, कारण मला खरा रस त्यात आहे.

नाशिकला पांडवलेणी आहेत. बरेचजण देवदर्शनाला जाताना रस्त्यावरून बघतात आणि पुढं जातात. मीही दोनदा तसाच पुढं गेलो होतो. तिसऱ्यांदा वर चढलो. तिसऱ्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत मोठे लेख आहेत, भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजी-पणजी. सातवाहन राजांचे लेख. आपल्याला ते वाचता येत नाहीत, पण जाणत्यांनी वाचून छापलेले आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, तिनं भिक्षूंना लेणं दान दिलं, त्याची तारीख काय घातलीय? नातू पुळुमावी राजाचं १९ वं वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस. महिन्याचं नाव नाही. चैत्र नाही, वैशाख नाही. ऋतू, पंधरवडा, दिवस, बस.

आणि ऋतू किती? तीन. गिम्ह, वास, हेमंत. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. प्रत्येकाचे चार महिने, म्हणजे आठ पंधरवडे. माझे आजोबा उनाया-पावसाया-हिवाया म्हणायचे तेच, अठराशे वर्षांपूर्वी राजाच्या कचेरीत चालत होतं.

त्याच भिंतीवर गौतमीपुत्राचा हुकूम आहे, १८ व्या वर्षाचा, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस. विषय काय, तर दोनशे निवर्तनं शेत भिक्षूंना देण्याचा. पुढं २४ व्या वर्षी आणखी एक हुकूम. त्यात म्हटलंय की आधी दिलेलं शेत कुणी कसत नाही आणि तो गावही वसलेला नाही, म्हणून त्याच्या बदल्यात शहराच्या शिवेवरची सरकारी जमीन द्या, शंभर निवर्तनं. त्याचीही तारीख पावसाळ्याचीच, चौथा पंधरवडा, पाचवा दिवस. ते वाचून मी बराच वेळ तसाच बसलो होतो. पडीक पडलेलं वावर, ओस पडलेलं गाव, पावसाळा अर्धा होत आला तरी पेर नाही, आणि वर कागद बदलायचा हुकूम. आपल्या तहसीलची फाईल वाटावी इतकं ओळखीचं.

हा तिघांचा हिशोब सातवाहनांनी काढलेला नव्हे, त्याहून जुना आहे. वेदकाळात चातुर्मास्य नावाचे यज्ञ होते, दर चार महिन्यांनी एक: फाल्गुनी, आषाढी आणि कार्तिकी पौर्णिमेच्या जवळ. तीन वेळा वर्ष दुमडायचं. त्यातली आषाढी आणि कार्तिकी आपल्या वारकऱ्यांनी अजून सांभाळली आहे. आपला चातुर्मास म्हणजे तीनातला एक तुकडा, पावसाचा.

मग सहा कुठून आले? वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर हेही जुनेच आहेत, पण त्यांची संख्यासुद्धा पक्की नव्हती. ऐतरेय ब्राह्मणात हेमंत आणि शिशिर एकत्र धरून पाच ऋतू सांगितलेत. म्हणजे यज्ञ करणाऱ्यालाही शिशिर वेगळा काढायची फार गरज वाटत नव्हती.

शाळेत आपण घोकलं की श्रावण-भाद्रपद म्हणजे वर्षा ऋतू. मला लहानपणापासून हे खटकायचं. मृग लागतो ज्येष्ठात, आपली पेरणी होते ज्येष्ठ-आषाढात, आणि पुस्तक म्हणतं तेव्हा ग्रीष्म चालू आहे! श्रावणात तर आमची डवरणी उरकत आलेली असते, पोळ्याची तयारी असते. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातलं लिही." दहावी पास झालो ते त्यामुळंच.

याचं उत्तर मला आता कुठं लागलं, आणि ते तीन तुकड्यांत आहे. पहिला, सहा ऋतू मोजले गेले उत्तरेत, कुरुक्षेत्र-गंगा-यमुनेच्या बाजूला. पाऊस आपल्याकडं जूनच्या मध्याला येतो, दिल्लीला महिनाअखेर. दुसरा, उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. तिसरा तुकडा जरा डोकं खाणारा आहे. आपलं पंचांग तारे बघून चालतं आणि ऋतू चालतात सूर्याच्या कलण्यावर. या दोघांत दर ७१-७२ वर्षांनी एक दिवसाचा फरक पडतो. मकर संक्रांत म्हणजे खरं तर उत्तरायणाचा दिवस. उत्तरायण सुरू होतं २१-२२ डिसेंबरला, आणि तिळगूळ आपण वाटतो १४-१५ जानेवारीला. चोवीसेक दिवस सरकले, म्हणजे सतराशे वर्षांचा फरक साठला. जवळपास सातवाहनांच्या अखेरीपासूनचा. आता आजच्या श्रावणातून हे चोवीस दिवस काढा, वर पंधरा दिवस काढा. उत्तरेतला वर्षा ऋतू तेव्हा जूनच्या शेवटी-जुलैच्या आरंभी लागत होता. अगदी बरोबर होता! पुस्तक चुकलेलं नव्हतं, ते दुसऱ्या गावचं आणि दुसऱ्या काळचं होतं.

इथं एक सांगून ठेवतो, कुणाला वाईट वाटू देऊ नका. आपली नक्षत्रंसुद्धा याच ताऱ्यांच्या गाडीत बसलेली आहेत. मृग आज ७-८ जूनला लागतो. वराहमिहिर सहाव्या शतकातला, त्याच्या काळी तो ऋतूच्या मानानं वीसेक दिवस आधी लागत असणार. आपल्या एका आयुष्यात फरक एका दिवसाचा, म्हणून कळत नाही. वाहन बेडूक आहे का हत्ती हे बघणाऱ्यांनी बघावं, मीही बघतो, पण मृग म्हणजे दगडावरची रेघ नाही एवढं ध्यानात ठेवावं.

तरी मृगाला आपल्याकडं जो मान आहे तो उगाच नाही. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या कागदांवर जो शुहूर सन असतो, त्याला मृगसाल असंही म्हणत. सूर्य मृग नक्षत्रात आला की नवं साल. राज्याचं हिशोबाचं वर्ष पहिल्या पावसानं उघडायचं, कारण वसूल यायचा तो पिकातून आणि पीक यायचं पावसातून. आजचं बँकेचं साल ३१ मार्चला संपतं, तेव्हा आपल्या वावरात हरभऱ्याचा भुसा उडत असतो आणि खिशात तुरीचा अर्धा पैसा यायचा असतो. मला मृगसालवाला कारकून जास्त शहाणा वाटतो.

आपल्या जिल्ह्याचं उदाहरण घ्यायचं तर भेंडवळ. जळगाव जामोद तालुक्यातलं, पूर्णेच्या काठचं गाव. अक्षय तृतीयेला वावरात घट मांडतात, अठरा धान्यं गोलाकार ठेवतात, मध्ये खड्डा, त्यात मातीची ढेकळं, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, वर पापड-कुरडई-सांडोळी. दुसऱ्या दिवशी पहाटे बघून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघांनी सुरू केलेली परंपरा, तीनशेच्या वर वर्षांची म्हणतात. भाकीत किती खरं ठरतं या वादात मी पडत नाही, माझ्या घरात दोन्ही मतं आहेत. मला बघायची आहेत ती ढेकळं. किती असतात? चार. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. कोणतं ढेकूळ किती भिजलं त्यावर त्या महिन्याचा पाऊस. थंडीसाठी ढेकूळ नाही, उन्हासाठी नाही. वर्षातले चारच महिने विचारण्यासारखे, बाकीचे आठ त्यांच्या मागून येतात.

आता हवामान खात्याचे चार. इंग्रज इकडं आले तेव्हा त्यांच्या डोक्यात त्यांचे चार ऋतू होते. पण इथं राहिल्यावर त्यांनीच ते सोडले. साहेब लोकांच्या बोलण्यात कोल्ड वेदर, हॉट वेदर आणि रेन्स, असे तीनच. कलेक्टरचे तंबू हलायचे ते थंडीत, कोरड्या रस्त्यानं. वऱ्हाड त्यांच्या हातात आलं १८५३ ला, आणि आपल्या कापसाच्या पायी त्यांना इथल्या पावसात रस. पुढं १८७५ साली हवामान खातं निघालं, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख. त्या आधीच्या वर्षांत कलकत्त्याचं १८६४ चं चक्रीवादळ आणि ओरिसाचा १८६६ चा दुष्काळ होऊन गेला होता. सरकारला कळायला हवं होतं की पाऊस येणार का बुडणार. म्हणजे इंग्रजांनीही ऋतू मोजले ते पावसानंच. संवत १९५६ चा, १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ वऱ्हाडानंही भोगला, तेव्हा मात्र अंदाज कामी आला नाही. त्यानंतर १९०४ ला गिल्बर्ट वॉकर आला आणि पॅसिफिक महासागरातल्या हवेच्या दाबाचा आणि आपल्या पावसाचा धागा शोधू लागला. एल निनो म्हणून आज जे आपण बातम्यांत ऐकतो त्याचं एक मूळ त्या कामात आहे. १९२८ ला खात्याची कचेरी सिमल्याहून पुण्याला आली. पुण्यात शिवाजीनगरला "सिमला ऑफिस" म्हणतात ते हेच, बसवाल्यांना माहीत असतं.

त्या खात्याचे चार ऋतू असे: जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे उन्हाळा किंवा मान्सूनपूर्व, जून ते सप्टेंबर मान्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर. हे युरोपचे चार नव्हेत बरं का. यात दोन ऋतूंची नावंच मान्सूनवरून आहेत. आणि तो चौथा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा, मुख्यत्वे तामिळनाडूच्या कामाचा, त्यांच्याकडे वर्षाचा निम्म्याच्या जवळपास पाऊस तेव्हा पडतो. आपल्या मेहकरच्या माणसाला २० डिसेंबरला हुडहुडी भरलेली असताना "हा हिवाळा नाही, मान्सूनोत्तर आहे" असं सांगून बघा.

तर मी इतके दिवस असं म्हणत होतो की आपले तीनच, बाकीचं सगळं बाहेरचं. पण लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आलं की आपल्याकडं एक छोटा चौथा ऋतू होता, फक्त त्याला आपण ऋतू म्हटलं नाही. उघाड म्हटलं. हस्ताचे शेवटचे थेंब पडले की आभाळ धुऊन निघायचं, ऊन कडक, जमीन वरून कोरडी आणि आत ओली, थंडी अजून लांब. ऑक्टोबर हीट म्हणून शहरातले लोक वैतागतात ती. तीन-चार आठवड्यांचा काळ. दसरा-दिवाळी त्यातच. खरिपाचा माल घरात येतो आणि रब्बीची तिफन वावरात जाते ती याच दारातून.

आपल्या जुन्या ज्वारीला हे दार ठाऊक होतं. गावरान भारी ज्वारी जूनच्या आरंभी पेरा की शेवटी पेरा, ती निसवायची एकाच सुमाराला, दिवस लहान होऊ लागले की. शास्त्रज्ञ म्हणतात तिला प्रकाशकाळाची जाण आहे. म्हणजे दाणा भरायचा तो पाऊस सरल्यावर. हजारो वर्षं आपल्या बायामाणसांनी कणसं निवडून निवडून ती घडवली. मग १९६४ ला सीएसएच-१ आली, पहिली संकरित ज्वारी. तिनं पोट भरलं, हे मान्यच केलं पाहिजे, १९७२ च्या दुष्काळानंतर हायब्रीड नसती तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण ती सूर्याकडं बघत नव्हती, पेरल्यापासूनचे दिवस मोजत होती. लवकर तयार व्हायची आणि शेवटच्या पावसात सापडायची. काळी ज्वारी! माझ्या वयाच्या कुणाला त्या भाकरीची चव विसरली नसेल.

आणि मग सोयाबीन. त्यातली जेएस-३३५, शंभर दिवसांच्या आत-बाहेर. जूनच्या अखेरीस पेरली की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोंगणी. अगदी उघाडीच्या दारात बसवलेलं पीक. तिच्या मागं हरभरा. वीस-पंचवीस वर्षं हे गणित चाललं आणि त्यावर आपल्या पोरांची शिक्षणं, लेकींची लग्नं झाली.

२०१९ साली मान्सूननं परतीला सुरुवातच केली ९ ऑक्टोबरला. राजस्थानातून. तोपर्यंतची नोंदीतली सर्वांत उशिराची तारीख. त्यावर अरबी समुद्रात ऑक्टोबरअखेर क्यार आणि लगेच महा, अशी दोन चक्रीवादळं. माझं चार एकर सोयाबीन सोंगून पडलं होतं. अर्ध्याची सुडी लागली, अर्धं तसंच कवटात. ताडपत्र्या दोन. दिवाळीच्या दिवशी पाऊस. थांबला की उलटवायचं, पुन्हा पाऊस. पाचव्या-सहाव्या दिवशी शेंगा उघडून बघितल्या तर आत पांढरे कोंब. वास असा की घरात जेवण जाईना. बायको म्हणाली, पेरायची गरज नाही आता, उगवलंच आहे. ती हसली नाही, मीही नाही. राज्यपालांच्या राजवटीत हेक्टरी ८,००० रुपये मदत जाहीर झाली, दोन हेक्टरपर्यंत. त्या साली हरभराही उशिरा पेरला गेला, कारण वावरात पायच ठरत नव्हता.

२०२० ला हवामान खात्यानं तारखा बदलल्या. वायव्य भारतातून मान्सून परतायची सरासरी तारीख १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर केली. मुंबईतून परतायची २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर केली. येण्याची तारीख मात्र फारशी हलली नाही, मुंबईची १० जूनची ११ जून झाली. म्हणजे पावसाळ्याचं पुढचं टोक जागेवर आणि मागचं टोक उघाडीच्या अंगावर. हे माझं मत नाही, १९७१ ते २०१९ च्या नोंदी बघून त्यांनी केलेला बदल आहे. २०२१ ला सप्टेंबरच्या शेवटी गुलाब वादळ आलं तेव्हा मराठवाड्यात आणि आपल्या बाजूला काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

२०२४ पर्यंत आपल्याकडं पीक विम्यात सोंगून पडलेल्या मालाला १४ दिवसांचं संरक्षण होतं आणि ७२ तासांत कळवावं लागायचं. हे १४ दिवस ठरवणाऱ्याच्या डोक्यातही उघाडच असणार, की चौदा दिवसांत माणूस मळणी करून मोकळा होतो.

मी आता काय करतो ते सांगतो, तुम्ही तसंच करा असं नाही. सगळं सोयाबीन एका जातीचं, एका दिवशी पेरत नाही. दोन वेगळ्या कालावधीच्या जाती, आठ-दहा दिवसांचं अंतर. तुरीच्या ओळी वाढवल्यात, तूर या उघाडीच्या भानगडीत पडत नाही. एक एकर ज्वारी गेल्या वर्षी टाकली, निम्मी पाखरांनी खाल्ली, भाव विचारू नका, पण कडबा झाला. सोंगायच्या आधी तारीख बघायची सोडली, पाच दिवसांचा अंदाज बघतो. आणि ताडपत्र्या आता सहा आहेत.

वहीत एक नवा रकाना पाडलाय, उघाड. शेवटचा भिजपाऊस कोणत्या तारखेला पडला आणि पहिली थंडी कोणत्या तारखेला वाजली, मधले दिवस किती. वडिलांच्या जुन्या वहीत पेरणीच्या तारखा आहेत, दुकानाची उधारी आहे, गाय व्याल्याची नोंद आहे, पण उघाडीची नाही. कोण लिहिणार, ती दरवर्षी येतच होती. तुमच्यापैकी कुणाच्या घरी मळणीच्या जुन्या तारखा लिहिलेल्या असतील, घाटावरच्या असोत की घाटाखालच्या, तर गाव आणि साल घालून मला पाठवा. दोन्हीकडच्या एका कागदावर मांडून बघायच्या आहेत.

सफरचंदाची दोन झाडं काढून तिथं सीताफळ लावतोय. दोन ठेवलीत. विहिरीवर सावली बरी पडते.